तुळई वाकते आहे

मंगळवार, ता. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

शि. सा. न. वि. वि. यातलं एकही अक्षर गाळलेलं नाही, याची नोंद घ्यावी. मागच्या पत्रात मी नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं म्हणून तुम्ही मामींकडे कुरकुर केलीत, हे मला कळलं आहे.

तुमचे कान गेल्यापासून फोन बंद झाले आणि पत्रं सुरू झाली, यात खरं तर माझाच फायदा झाला. फोनवर तुम्ही ‘बरं आहे’च्या पुढे कधी गेला नाहीत. पत्रात मात्र नळाच्या गळतीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं येतं.

तुम्ही विचारलंत, एवढी मोठी घोडी विद्यापीठात येतात, त्यांना इंग्रजी काय शिकवायचं. मामा, दुकानात बोलायचं इंग्रजी वेगळं आणि प्रबंधात लिहायचं वेगळं. माझ्या वर्गात एकोणीस जण आहेत आणि त्यांच्या घरच्या भाषा अकरा. एक जण मधमाश्यांच्या आजारावर काम करतो, एक जण खडकांच्या वयावर. बोलायला लागले की मी तोंडात बोट घालून ऐकते, आणि तेच कागदावर उतरवायला सांगितलं की पार गोठतात. मग मी शिकवते, ‘मी’ लिहायचं नाही, ठाम बोलायचं नाही, ‘असे दिसते’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं म्हणायचं. थोडक्यात, माहीत असलेलं अदबीने, माहीत नसल्यासारखं लिहायचं. एकवीस वर्षं हेच करते आहे.

यंदा वर्गात एक बाई आली आहे. तिशी ओलांडलेली, आठ वर्षं इमारतींच्या कामावर मोजमापं घ्यायची, आता शिकायला आली. खिशात कायम टेप. मी मनातल्या मनात तिला मोजणीबाई म्हणते. तिची आणि माझी भाषा वेगळी, तेव्हा दोघींचा व्यवहार इंग्रजीतच, तोही बऱ्याचदा हातवाऱ्यांनी. तिने आमच्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षावर एक पान लिहून आणलं आहे. त्यात लिहिलंय, तुळई वाकते आहे. ही चूक मला अगदी पाठ आहे. आपली माणसं नाही का, इंग्रजी बोलताना जिथे तिथे ‘करतो आहे, असतो आहे’ लावत? मी लाल पेनाने दुरुस्त केलं, तुळई वाकलेली आहे. चार दिवसांनी पान परत आलं, बाकीच्या सगळ्या चुका सुधारून, आणि तेवढं एक वाक्य पुन्हा जसंच्या तसं. मी पुन्हा खोडलं. बाई हट्टी आहे.

आणखी एक गंमत. त्याच वाचनकक्षाच्या भिंतीवर, छताजवळ, तिने शिडी लावून बोटभर लांबीची काचेची पट्टी चिकटवली आहे. दोन्ही टोकांना गिलाव्याचे गोळे, खाली पेन्सिलने तारीख. मी विचारलं हे काय. तर म्हणाली, ही काच वाट बघते आहे. पुन्हा तेच ‘आहे’! मला हसूच आवरेना.

मामींना सांगा, गुडघ्याला तेल लावण्यात आळस नको. लोभ असावा हे सांगायची गरज नाही, पत्र लांबवू नये हे मात्र सांगायला हवं.

तुमची भाची

•

सोमवार, ता. १० फेब्रुवारी

चि. मास्तरणीस,

अनेक आशीर्वाद. कुशल नंतर विचारतो.

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि हातातला चहा तसाच ठेवून लिहायला बसलो आहे. पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. मामी शेजारणीकडून तुला फोन लावते आहे, पण तू वर्गात असलीस की उचलत नाहीस.

त्या काचेला हसू नकोस. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलं, अशा काचा मी स्वतः लावल्या आहेत. भिंतीला भेग पडली की ती जुनी मेलेली भेग आहे की अजून जिवंत आहे, हे डोळ्यांना कळत नाही. भेगेवर काच आडवी चिकटवायची. काच लवत नाही, ताणली जात नाही. भिंत केसाएवढी जरी हलली तरी ती तुटते. म्हणजे ती बाई म्हणते ते बरोबर आहे, काच वाटच बघत असते.

आधी जाऊन काच बघ. लांबून बघ. तुटली असेल तर त्या खोलीत पाऊल टाकू नकोस आणि दुसऱ्या कुणाला टाकू देऊ नकोस. तुळईच्या वरच्या मजल्यावर काय ठेवलंय ते विचार. पाण्याचा नळ कुठून जातो ते विचार.

तुझं व्याकरण मला कळत नाही. पण वाकलेली तुळई शंभर वर्षं उभी राहते. वाकते आहे ती राहत नाही.

तुझा मामा

मामीचे आशीर्वाद. तुझे मामा पत्र संपवून उठून उभे राहिले आहेत, बसायला तयार नाहीत. लगेच कळव गं.

•

मंगळवार, ता. ११ फेब्रुवारी

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं उत्तर अजून हातात नाही. एका अनोळखी नंबरवरून काल तीन फोन येऊन गेलेले दिसले, पण काल फोनकडे बघायला सवडच झाली नाही. मामा, माझ्या मागच्या पत्रातलं हसणं मला परत द्या.

काल सकाळी मोजणीबाई माझ्या खोलीत आली. न विचारता आत आली, हे तिच्या स्वभावात नाही. टेबलावर तेच पान ठेवलं, तिसऱ्यांदा तेच वाक्य. मी पेन उचललं तर तिने माझ्या बाहीला धरलं आणि मला अक्षरशः ओढत ग्रंथालयात नेलं. दारातच थांबवलं आणि वर बोट दाखवलं. काच तुटली होती. खाली पडलेली नव्हती की फुटून तुकडे झाले नव्हते. मधोमध एक उभी रेघ, इतकी स्वच्छ की पट्टीने आखली असावी.

मग तिने तुळईखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली एक तार दाखवली. मी त्या खोलीत कितीदा बसले असेन, मला ती कधी दिसली नव्हती. दर सोमवारी ग्रंथालय उघडायच्या आत येऊन ती तार आणि तुळई यांच्यातलं अंतर मोजते. वहीत सहा सोमवारांचे सहा आकडे होते, मिलिमीटरमध्ये. चाळीस, एकोणचाळीस, सदतीस, चौतीस, अठ्ठावीस, एकवीस. ती फक्त आकड्यांच्या मधल्या जागांवर एकेक करून बोट ठेवत गेली. एक, दोन, तीन, सहा, सात.

मामा, खाली शे-दीडशे मुलं पुस्तकात डोकी घालून बसली होती. पानं उलटल्याचा आवाज येत होता. वर ते लाकूड होतं, रंग दिलेलं, दिव्यांच्या माळा लटकवलेलं, रोजच्यासारखं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी मोठी वस्तू हलते आहे आणि ती हललेली एका माणसाला कळली आहे, बाकी कुणालाच नाही.

आणि आता माझी खरी लाज. ते पान मी वर्गातला गृहपाठ समजत होते. तो गृहपाठ नव्हता. तिने ते इमारत अधिकाऱ्यांना पाठवलं होतं, आणि त्यांच्या कचेरीने ‘भाषा सदोष, भाषा केंद्रातून तपासून आणावे’ असा शेरा मारून परत केलं होतं. शेरा पानाच्या मागच्या बाजूला होता. मी मागची बाजू कधी बघितलीच नाही. तिचे प्राध्यापक दौऱ्यावर आहेत. म्हणजे तिच्या हाताशी होते ती एकटी मी, आणि मी दोन आठवडे ‘वाकते आहे’ खोडत बसले.

ग्रंथपालांना सांगितलं. ते भले आहेत, घाबरलेही, पण म्हणाले की लेखी आदेशाशिवाय खोली बंद करता येत नाही. तेव्हा मला एक सुचलं. आमच्या केंद्राला वर्गासाठी विद्यापीठातली कुठलीही खोली मागता येते. मी तिथल्या तिथे अर्ज भरला, वाचनकक्ष, आठवडाभर, सकाळपासून बंद होईपर्यंत, विषय शैक्षणिक लेखन. ग्रंथपालांनी अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. अर्ध्या तासात खोली रिकामी झाली. मुलं मला शिव्या देत गेली. वर्ग अर्थातच आम्ही झाडाखाली घेतो आहोत.

मी तिला म्हटलं, आण ते पान, मी सुंदर इंग्रजीत लिहून देते. ती नाही म्हणाली. म्हणाली की ते तुमचं पान होईल, त्यांनी प्रश्न विचारले तर उत्तरं कोण देणार? मला शिकवा, बाकीचं मी बघते. तेव्हा शिकवते आहे. गुरुवारी सभा मिळाली आहे. प्रार्थना करा.

तुमची भाची

•

बुधवार, ता. १९ फेब्रुवारी

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि., या वेळी खरोखरचा, गुडघे टेकून. तुमचं जलद टपाल गेल्या बुधवारी मिळालं. मी ते सभेला जाताना पर्समध्ये ठेवलं होतं. वरच्या मजल्याचं आणि नळाचं तुम्ही विचारायला सांगितलंत, ते तिने आधीच विचारून ठेवलं होतं. वर तीन वर्षांपूर्वी लोखंडी कपाटं आणून जुनी मासिकं भरली आहेत, आणि गच्चीचं पाणी त्याच भिंतीतल्या नळातून खाली येतं. तुमचं पत्र तिला ओळीवर बोट ठेवत इंग्रजी करून वाचून दाखवलं तर इतकी खूश झाली की त्या ओळींखाली तिने स्वतःच पेन्सिलीने रेघ मारली.

दोन दिवस आम्ही त्या एका पानावर बसलो होतो. मला वाटत होतं मी शिकवते आहे. मी म्हटलं ‘मोजण्यात आले’ असं लिही, तीच रीत आहे. ती म्हणाली की मग कुणी मोजलं? काही चुकलं तर कुणाला धरायचं? तिने ‘मी मोजले’ असंच ठेवलं. मी म्हटलं ‘कदाचित’ हवं, ठाम बोलू नये. तिने अर्धा तास विचार केला आणि सगळ्या पानात एकाच ठिकाणी ‘कदाचित’ घातलं. एकवीस वर्षांत मी कितीतरी प्रबंधांत हजारो ‘कदाचित’ घालायला लावले असतील. प्रत्येक शब्द वजन करून ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

सभेला सहा जण होते. इमारत अधिकारी माणूस वाईट नाही, त्रासलेला आहे, रोज पन्नास तक्रारी येतात. त्यांनी सुरुवातीलाच घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मोजणीबाई उभी राहिली आणि वाचायला लागली. उच्चार तिचेच होते, अडखळली दोनदा, पण अकरा वाक्यांत एकही शब्द जास्तीचा नव्हता. मी या दिवशी या वेळी मोजले. अंतर इतके होते. पुढच्या सोमवारी इतके होते. काच या तारखेला लावली, या तारखेला तुटली. तुळई वाकते आहे. वाकण्याचा वेग वाढतो आहे. ती पडेल. कदाचित या महिन्यात.

 अधिकाऱ्यांनी विचारलं की तुमची खात्री किती. ती म्हणाली की पडण्याबद्दल पूर्ण आहे, महिन्याबद्दल नाही, म्हणून तो शब्द तिथे आहे. मामा, माझे डोळे भरून आले. तो शब्द मी शिकवला होता, पण तो असा वापरायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं.

अधिकाऱ्यांनी घड्याळ खिशात घातलं आणि त्याच बैठकीत दोन्ही मजले बंद करायचा आदेश लिहिला. शुक्रवारी सकाळी तुळईखाली धिरे, म्हणजे टेकूचे खांब, लावून माणसं शिडीवर चढली आणि तुळईच्या टोकाजवळचं फळ्यांचं आवरण उघडलं. आम्हाला दारातून बघू दिलं. भिंतीतल्या खोबणीत तुळईचं टोक नव्हतंच मुळी. होता तो काळा, ओला भुसा. वरच्या मिस्त्रीने हात घातला तर मूठभर माती यावी तसं लाकूड हातात आलं. जे शाबूत होतं ते भिंतीवर जेमतेम तीन बोटं टेकलं होतं. वरची सगळी कपाटं, ती सगळी मासिकं, त्या तीन बोटांवर होती.

 अधिकाऱ्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मोजणीबाईने खिशातून टेप काढला, शिडीवर चढली, आणि ती तीन बोटं मोजली. मी खाली उभी राहून तिच्याकडे बघत होते. देवळात उभं राहिल्यावर होतं तसं झालं मला.

तुम्ही गप्प का आहात? दुसरं पत्र नाही.

तुमची भाची

•

मंगळवार, ता. २५ फेब्रुवारी

चि. मास्तरणीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी चारदा वाचलं, मामीने दोनदा. गप्प का म्हणून विचारतेस, तर सांगतो. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

एकतीस वर्षांपूर्वी एका गोदामाच्या कामावर होतो. स्लॅब ओतून झाला होता, वरून घाई होती, म्हणून धिरे लवकर काढायला लावले. दुसऱ्या दिवशी मला स्लॅबचं पोट खाली आल्यासारखं वाटलं. बांबूची एक सरळ काठी घेतली, जमिनीपासून स्लॅबपर्यंत उभी धरली आणि वरची फट बघितली. रोज बघत गेलो. फट कमी होत होती. साहेबांना तीनदा सांगितलं. साहेब रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले की असं तोंडी चालत नाही, लिहून आण.

मास्तरणी, मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. आकडे येत होते, सही येत होती. तू लहान होतीस, तुला मामा हुशार वाटायचा. पेपर हातात धरून बसायचो, वाचत नव्हतो.

पाचव्या दिवशी स्लॅब खाली आला. माझा जोडीदार त्याखाली होता. आम्ही अकरा वर्षं बरोबर काम केलं होतं. चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं की कोणतीही पूर्वसूचना मिळालेली नव्हती. तो कागद मला वाचून दाखवला आणि खाली माझी सही घेतली. मी केली.

त्यानंतर तुझ्या मामीच्या समोर पाटी घेऊन बसलो. दीड वर्ष लागलं. मी तुला पत्रं लिहितो ती त्या दीड वर्षाची आहेत.

तुझ्या त्या बाईला माझा नमस्कार सांग. तिच्या वयाला आशीर्वाद द्यायला हवा, पण नमस्कारच सांग.

तुझा मामा

•

मंगळवार, ता. ४ मार्च

ती. मामांस,

शि. सा. न. वि. वि. काय लिहू कळत नाही, म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

तुमचं पत्र मी तुमची परवानगी न घेता इंग्रजीत उतरवलं आणि मोजणीबाईला दिलं. रागवा. आयुष्यात इतकं जपून मी काही लिहिलं नाही. एकेका वाक्याला तास लागला. ‘मी केली’ या दोन शब्दांपाशी सगळ्यात जास्त.

ती माझ्यासमोर बसूनच वाचत होती. मला वाटलं रडेल, किंवा सांत्वनाचं काही बोलेल. तिने वाचून वही उघडली आणि तुमच्यासाठी प्रश्न लिहून दिले. ते जसेच्या तसे मराठीत देते. काठी किती लांबीची होती? स्लॅबच्या कुठल्या जागी धरली? फट कशाने मोजली? पहिल्या दिवशी किती होती, आणि नंतर रोज किती? धिरे ओतल्यापासून कितव्या दिवशी काढले?

ती सांगते की तिच्या प्रबंधात अशा पडझडींचं एक प्रकरण आहे. कागदोपत्री सगळीकडे पूर्वसूचना नव्हती असंच लिहिलेलं सापडतं. प्रत्यक्ष मोजलेले आकडे तिला आजवर एकाही ठिकाणी मिळाले नाहीत. तुम्हाला आठवत असतील तर ती ते छापेल आणि निरीक्षक म्हणून तुमचं पूर्ण नाव घालेल. आठवत नसतील तर अंदाजाने लिहू नका, असंही तिने बजावून सांगितलं आहे.

मामींना नमस्कार. पाटी घेऊन बसवणाऱ्या त्या बाईंना हा वेगळा.

तुमची भाची

•

सोमवार, ता. १० मार्च

चि. मास्तरणीस,

अनेक आशीर्वाद. रागावलो नाही. दोन दिवस मात्र मामीशी बोललो नाही, तिला वाटलं बरं नाही.

आकडे लिहून घे. काठी साडेदहा फुटांची, बांबूची, खालच्या टोकाला लोखंडी टोपण. जागा स्लॅबच्या बरोबर मधली, दोन खांबांच्या रेषेत. फट मी पत्त्यांनी मोजली, खेळायचे पत्ते, एकावर एक घालून, कारण दुसरं पातळ काही जवळ नव्हतं. धिरे सातव्या दिवशी काढले. आठव्या दिवशी सकाळी फटीत बावीस पत्ते मावले. नवव्या दिवशी एकवीस. दहाव्या दिवशी अठरा. अकराव्या दिवशी सकाळी तेरा आणि संध्याकाळी नऊ. बाराव्या दिवशी मोजलं नाही, त्याआधीच झालं. यातला एकही आकडा अंदाजाचा नाही. हे मला रोज दिसतात.

निरीक्षक म्हणून माझं एकट्याचं नाव घालू नये असं त्यांना सांग. पत्ते मी सरकवत होतो, पण काठी सरळ धरून जोडीदार उभा असायचा. तो हलला असता तर आकडे चुकले असते. तो कधी हलला नाही.

त्याचं पूर्ण नाव सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं आहे. मामीने सुधारू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. तीनदा लिहून तिसऱ्यांदा नीट आलं, ते पाठवतो आहे. त्याचं नाव आधी घाला.

तुझा मामा